बॅटिंग गडगडली की ग्रुपवर ‘काढा त्याला’ टाकायच्या आधी एवढं बघा

१७ ऑक्टोबर २०२४, बंगळुरू टेस्ट, न्यूझीलंडसमोर. ऑफिसमध्ये डबा उघडला, मोबाईल उघडला आणि बघतो तर लंचला भारत ३४ वर ६. सरफराज खान शून्यावर गेलेला. मी पोळीचा तुकडा हातात तसाच ठेवून डाव्या अंगठ्याने ग्रुपवर टाईप केलं, ‘सरफराजला काढा, टेस्ट ही त्याची लेव्हल नाही.’ सगळे मिळून ४६ ला गारद, पाच भोपळे, घरच्या मैदानावरचा आपला आजवरचा सगळ्यात छोटा स्कोअर, त्यामुळे माझ्या मेसेजला पटापट अंगठे पण मिळाले. शनिवारी सकाळी दुसऱ्या डावात त्याच सरफराजने शतक मारलं आणि पुढे १५० वर नेलं. मी मेसेज डिलीट केला, पण आमच्यात एक महाभाग आहे ज्याने स्क्रीनशॉट काढून ठेवलेला, आणि तो आजतागायत दर टेस्टच्या पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला तो ग्रुपवर टाकतो, गुड मॉर्निंगच्या फुलांसारखा.

तर तेव्हापासून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतलीय, तीच इथे लिहितोय. टीम कोसळली की पंधरा-वीस मिनिटं लागतात हे सगळं बघायला, जास्त नाही, आणि त्यानंतर पण तुम्हाला कोणाला तरी काढायचंच असेल तर खुशाल काढा, निदान तोंडावर तरी पडणार नाही.

सगळ्यात आधी आपल्या बॅटर्सचे आकडे बघायचेच नाहीत. समोरच्या टीमने त्याच पिचवर काय केलं ते बघायचं, आणि जमलं तर त्याच दिवशी. बंगळुरूत आपण ४६ ला गेलो त्याच दिवशी खेळ संपताना न्यूझीलंड ३ बाद १८० होते. म्हणजे पिचमध्ये भूत नव्हतं, निदान दुपारनंतर तरी नव्हतं. आता मागे जा, आदल्या दिवशी पूर्ण दिवस पाऊस, पिच कव्हरखाली, सकाळी ढग, आणि टॉस जिंकून आपण बॅटिंग घेतली. रोहितने नंतर स्वतः सांगितलं की पिच वाचण्यात चूक झाली. मॅट हेन्रीने १५ रनांत ५, ओ’रुर्कने २२ रनांत ४. हा झाला टॉसचा आणि एका सकाळच्या भारी बॉलिंगचा हिशोब, यात एकट्या नंबर चार-पाचवाल्याला फासावर द्यायचं म्हणजे पुरात घर गेलं म्हणून गवंड्याला धरण्यासारखं आहे.

पण मग तोच निकष लावून पुढची टेस्ट बघा. पुणे, गहुंजे. पहिल्या दिवशी मी स्टेडियममध्ये होतो, आणि दुसऱ्या दिवशी आपली बॅटिंग ऑफिसमध्ये बसून बघितली ते बरंच झालं म्हणायचं. न्यूझीलंड २५९ आणि २५५, आपण १५६ आणि २४५. सँटनरने दोन डावांत मिळून १३ विकेट काढल्या, ७ आणि ६, आणि याआधी त्याने टेस्टच्या एका डावात कधी पाच पण घेतल्या नव्हत्या. मग वानखेडे, १४७ करायचे होते, १२१ ला ऑल आउट, एजाज पटेलच्या मॅचमध्ये ११ विकेट. हा एजाज जन्माने मुंबईचाच, २०२१ मध्ये याच वानखेडेवर त्याने डावातल्या दहाच्या दहा घेतल्या होत्या, त्याला तिथली माती आपल्यापेक्षा जास्त कळते असं आता मानायला हरकत नाही. आणि त्यानंतर बरोबर वर्षभराने, नोव्हेंबर २०२५, ईडन गार्डन्स, साउथ आफ्रिका. १२४ पाहिजे होते, ९३ झाले. सायमन हार्मर नावाच्या ऑफस्पिनरने मॅचमध्ये ८ काढल्या.

आता हे चार स्कोअरकार्ड शेजारी शेजारी ठेवले तर दिसतं की बंगळुरू एका बाजूला आणि पुणे, मुंबई, कोलकाता दुसऱ्या बाजूला. पहिला अपघात आहे, बाकीचे तीन म्हणजे रोग आहे. वळणाऱ्या पिचवर आपण पूर्वी राजे होतो, १२ वर्षं आणि सलग १८ सिरीज घरी हरलो नव्हतो, आणि ती साखळी पुण्यात तुटली. अपघात झाला तर टीम बदलायची नसते, रोग असेल तर बदल हवेत, पण ते एक माणूस काढून होत नाहीत. आपल्या ग्रुपवर नेमकं उलटं होतं, अपघाताच्या दिवशी सगळे सुरे परजून बसतात आणि रोग दिसतो तेव्हा ‘पिचच खराब होतं’ म्हणून मोकळे होतात. कोलकात्याचं पिच खराबच होतं, मान्य, चारही डावांत कोणी २०० ला टेकलं नाही. पण त्याच पिचवर त्यांचा कॅप्टन बावुमा ५५ वर नाबाद राहिला, अख्ख्या मॅचमधली एकमेव फिफ्टी, आणि त्याने काही जगावेगळं केलं नाही, बॉल उशिरा खेळला, बॅट पॅडच्या जवळ ठेवली आणि उगाच घाई केली नाही. शालेय क्रिकेटमध्ये सर ओरडून ओरडून सांगायचे तेच.

दुसरं काम म्हणजे आउट कसा झाला ते बघणं. किती रन केले यापेक्षा हे जास्त कामाचं आहे, आणि स्कोअरकार्डवर नावापुढे लिहिलेलंच असतं, फक्त वाचायचा कंटाळा. एक वही घ्या किंवा मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा, एका बॅटरचे शेवटचे आठ-दहा डाव, बॉलर कोण, कॅच कुठे गेला. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कोहलीचे नऊ डाव असे होते: ५, नाबाद १००, ७, ११, ३, ३६, ५, १७, ६. एकूण १९०. नुसते आकडे बघितले तर वाटेल की फॉर्म नाही, दिवस वाईट आहेत, येईल परत. पण आठ वेळा आउट झाला आणि आठही वेळा कॅच किपरकडे किंवा स्लिपमध्ये, ऑफस्टंपच्या बाहेरचा बॉल, आणि त्यात चार वेळा एकटा बोलंड. याला बॅड पॅच म्हणत नाहीत हो, याला समोरच्याने गणित सोडवलंय म्हणतात. दोन्हीत फरक असा की बॅड पॅचवाला दर वेळी वेगळ्या पद्धतीने जातो, एकदा रनआउट, एकदा लेगला ग्लान्स करताना किपरने डाइव्ह मारून पकडला, एकदा अंपायर्स कॉल. असा माणूस टीममध्ये ठेवायचा. एकाच जागी परत परत सापडतोय त्याला मात्र विचारायचं की बाबा यावर काम चालू आहे का, आणि काम चालू आहे का हे कळण्यासाठी तो मधल्या काळात कुठे आणि किती खेळला ते बघायचं.

(मी कोहलीचा फॅन आहे, होतो, राहीन. हे वरचं लिहिताना मलाच त्रास झालाय, कॉमेंटमध्ये परत नको.)

रोहितचं त्याच दौऱ्यातलं वेगळं होतं, पाच डावांत ३१ रन, ३, ६, १०, ३, ९. इथे वहीत लिहायला पण फार काही मिळत नाही, कारण माणूस टिकलाच नाही. शेवटी सिडनीला कॅप्टन स्वतःच बाहेर बसला. पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, दौऱ्यातल्या त्याच्या पहिल्या दोन टेस्ट तो सहाव्या नंबरवर खेळला आणि मेलबर्नला परत ओपनिंगला आला. यावरून मी माझ्या सगळ्यात आवडत्या मुद्द्यावर येतो.

नंबर. कितव्या नंबरवर खेळतोय ते बघितल्याशिवाय कोणाबद्दल बोलूच नका. के एल राहुल घ्या. बंगळुरूत ० आणि १२, सहाव्या नंबरवर. पुण्यात त्याला काढला, आणि तेव्हा आमच्या ग्रुपवर अक्षरशः पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. महिन्याभरात पर्थला तोच ओपनिंगला गेला, दुसऱ्या डावात ७७, जयस्वालबरोबर २०१ ची भागी. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये पाच टेस्टमध्ये ५३२ रन, लीड्सला शतक, लॉर्ड्सला शतक. तोच माणूस, तेच हात. फरक एवढाच की नवीन बॉलवर सोडायचं काय आणि खेळायचं काय हे त्याचं पक्कं आहे, आणि सहाव्या नंबरला जुना बॉल, स्पिनर, मागे शेपूट म्हणजे नुसते बॉलर, तिथे काम वेगळं. आपण मात्र म्हणणार ‘राहुल संपला’. संपला नव्हता, चुकीच्या खोलीत बसवला होता.

याच्या उलट तीन नंबर बघा, पुजारा गेल्यापासून तिथे भाडेकरू बदलतायत. आधी गिल, मग गिल चारवर गेला, इंग्लंडमध्ये एकाच सिरीजमध्ये साई सुदर्शन, मग करुण नायर, मग परत साई, कोलकात्याला वॉशिंग्टन सुंदर आणि पुढच्याच टेस्टला गुवाहाटीत परत साई, आणि तो सुंदर थेट आठव्या नंबरवर. बिचाऱ्याने कोलकात्याला तीनवर दुसऱ्या डावात आपल्याकडून सगळ्यात जास्त म्हणजे ३१ केले होते आणि गुवाहाटीत आठव्या नंबरवर ४८ केले, आता त्याचं मूल्यमापन तुम्ही कोणत्या कॉलममध्ये लिहिणार सांगा. सरफराजला पण वानखेडेवर पहिल्या डावात आठवा पाठवला होता, घरच्या ग्राउंडवर, आणि तिथे शून्य झाला. नंबर असा फिरवला असेल तर त्या डावाला वहीत अर्धेच मार्क धरायचे, अपयशाला पण आणि यशाला पण.

डाव मोजायचं राहिलं. सरफराजचंच उदाहरण घेतो, माझं त्याच्याकडे देणं आहे. ६ टेस्ट, ३७१ रन, अ‍ॅव्हरेज ३७.१०. वाईट नाही. पण फोडून बघितलं तर इंग्लंडसमोर पाच डावांत ६२, नाबाद ६८, १४, ०, ५६ आणि न्यूझीलंडसमोर सहा डावांत ०, १५०, ११, ९, ०, १. म्हणजे दुसऱ्या सिरीजमध्ये १७१ पैकी १५० एकाच डावात. त्याचे समर्थक १५० दाखवतात, विरोधक उरलेले पाच डाव दाखवतात, दोघेही खरं बोलतात. माझं मत असं की अकरा डावांत, ते पण सगळे भारतात, कोणाचा निकाल लागत नाही. ऑस्ट्रेलियाला नेला, एकही टेस्ट खेळवला नाही आणि नंतर इंग्लंडच्या टेस्ट स्क्वॉडमध्ये घेतलाच नाही, हे मला आजही पटलेलं नाही. बाहेर चालणार नाही असं वाटत असेल तर एकदा खेळवून खात्री तरी करायची होती.

करुण नायरचं मात्र उलटं आहे आणि इथे भावना आणि वही यांचं भांडण होतं. २०१६ ला चेन्नईत नाबाद ३०३, आणि पुढच्याच टेस्टला रहाणे फिट झाला म्हणून हा बाहेर. मग ऑस्ट्रेलियासमोर तीन टेस्ट आणि त्यानंतर अनेक वर्षं विस्मरणात. मग विदर्भाकडून आला आणि २०२४-२५ मध्ये विजय हजारे या देशातल्या वनडे स्पर्धेत ७७९ रन, अ‍ॅव्हरेज ३८९.५०, वाचताना छपाईची चूक वाटेल असा आकडा, शिवाय रणजीत ८६३, नागपूरच्या फायनलमध्ये ८६ आणि १३५, विदर्भ चॅम्पियन. आठ वर्षांनी टेस्ट टीममध्ये परत. अख्खा महाराष्ट्र त्याच्या मागे, नागपूरकर तर विचारूच नका. आणि इंग्लंडमध्ये आठ डाव: ०, २०, ३१, २६, ४०, १४, ५७, १७. बघा नीट, आठपैकी सहा डाव १४ ते ४० मध्ये. म्हणजे हा सुरुवातीला जात नव्हता, डोळे बसल्यावर जात होता. मनाला विचाराल तर अजून एक सिरीज द्यायला हवी होती, वहीला विचाराल तर ती म्हणते की आठ डाव म्हणजे सरफराजला मिळाले त्यापेक्षा फार कमी नाहीत आणि तेही एकाच टप्प्यात. मी अजून ठरवू शकलेलो नाही. चालतं, प्रत्येक बाबतीत मत असलंच पाहिजे असं नाही, निदान रात्री बारा वाजता तरी नाही.

यातूनच पुढची सूचना. रणजीचे रन वाचताना नुसती बेरीज वाचू नका. कुठल्या ग्राउंडवर, कोणासमोर, टीम ५० वर ४ असताना की ३०० वर २ असताना, आणि नॉकआउटमध्ये की लीगमध्ये. शिवाय आपापला गाव बाजूला ठेवा. मी पुण्याचा आहे, मला ऋतुराज गायकवाडला प्रत्येक टीममध्ये बसवायची खाज असते, मी ती आता मेसेजमध्ये आधीच कबूल करतो, ‘पुणेकर म्हणून बोलतोय’ असं लिहून. मुंबईकर कबूल करत नाहीत, एवढाच फरक. आणि हा अन्याय वगैरे आजचा नाही, भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये इथेच पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडसमोर नाबाद ४४३ केले आणि त्यांना एकही टेस्ट मिळाली नाही. अमोल मुझुमदारने फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर रन केले, भारताची कॅप नाही. समोर जागाच रिकामी नव्हती, हे कारण ऐकायला क्रूर आहे पण बऱ्याचदा खरं असतं.

आणि म्हणूनच माझा एकमेव कडक नियम: ज्याला काढायचंय त्याच्या जागी कोण येणार आणि कितव्या नंबरवर, हे त्याच मेसेजमध्ये लिहायचं. नाव नसेल तर मेसेज पाठवायचा नाही. हा नियम लावल्यापासून आमच्या ग्रुपवरची निम्मी भांडणं बंद झाली कारण लोक नाव शोधायला गेले ते परत आलेच नाहीत.

नाव लिहिलं की बॉलर मोजा. टेस्ट जिंकायला २० विकेट लागतात आणि सगळी रडकथा तिथूनच सुरू होते, कारण सहावा बॅटर घेतला की पाचवा बॉलर जातो आणि तो जाऊ नये म्हणून मग ऑलराउंडर भरतात. कोलकात्याला चार स्पिनर खेळवले, बॅटिंग आठ नंबरपर्यंत होती कागदावर, पण त्यात अर्ध्याहून जास्त डावखुरे आणि समोर ऑफस्पिनर. वर गिलची मान आखडली, पहिल्या डावात ४ वर रिटायर्ड हर्ट, दुसऱ्या डावात आलाच नाही, म्हणजे बॅटिंग लांब करायला गेलो आणि एक बॅटर कमीच पडला. लीड्सला तर पाच शतकं मारून हरलो, पंतची दोन्ही डावांत, कारण पहिल्या डावात शेवटच्या ७ विकेट ४१ रनांत गेल्या आणि दुसऱ्यात शेवटच्या ६ विकेट ३१ रनांत. त्या दिवशी टॉप ऑर्डरमधल्या कोणाला काढणार होतात? तिथे प्रश्न शेपटीचा आणि चौथ्या डावातल्या बॉलिंगचा होता. म्हणून फॉल ऑफ विकेट्सची, म्हणजे कितव्या रनवर कोणती विकेट गेली ती ओळ वाचा, स्कोअरकार्डात सगळ्यात खाली असते, आणि सगळ्यात जास्त तीच बोलते.

बॉलर वाढवायला बॅटर काढला की काय होतं याचं सगळ्यात ताजं आणि गोड उदाहरण महिला टीमचं. २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये जेमिमा रॉड्रिग्जचे पहिल्या चार मॅचमध्ये दोन भोपळे आणि दोनदा तिशीत आउट, आणि इंदूरला इंग्लंडसमोर सहावा बॉलर पाहिजे म्हणून तिला बसवली. मॅच ४ रनांनी हरलो. पुढच्या मॅचला परत आली, तीन नंबरवर नाबाद ७६, आणि मग डी. वाय. पाटीलला सेमीफायनलमध्ये ऑस्ट्रेलियासमोर ३३९ चा पाठलाग करताना नाबाद १२७. कोच कोण, तर अमोल मुझुमदार. ज्याला आयुष्यभर जागा मिळाली नाही त्याने जिला बसवली तिला परत आणून तिसऱ्या नंबरवर पाठवली. बसवणं चूक होतं का? तेव्हाच्या हिशोबाने नव्हतं, आधीच्या दोन मॅचमध्ये बॉलिंग कमी पडली होती. पण चूक वाटल्यावर लगेच मागे फिरले, दोन सिरीज थांबले नाहीत, आणि माझ्या मते ते जास्त अवघड आहे.

शिव्या कोणाला द्यायच्या ते पण नीट बघा. पंधरा ते अठरा जणांचा स्क्वॉड निवडसमिती निवडते, २०२३ मध्ये अजित आगरकर तिचा चेअरमन झाला. मैदानात उतरणारे अकरा कॅप्टन आणि कोच ठरवतात. म्हणजे सरफराज इंग्लंडच्या स्क्वॉडमध्ये नव्हता याचा जाब आगरकरांना, आणि ऑस्ट्रेलियात जाऊन बेंचवर बसला याचा तेव्हाचे कोच गौतम गंभीर आणि कॅप्टन रोहित यांना. आपण दोन्हीकडे एकच शिवी फॉरवर्ड करतो. आणि ती देताना बायको, आई-बाप, धर्म, जात यात शिरायचं नाही, आमच्या ग्रुपवर यावर थेट रिमूव्ह आहे, अ‍ॅडमिनच्या सख्ख्या मेव्हण्याला पण काढलेलं आहे.

आणि मोठे बदल करायचेच असतील तर ते कसे करतात याचा नमुना आपल्याकडेच आहे. डिसेंबर २०२० अ‍ॅडलेड, ३६ वर खेळ खल्लास, तेही पहिल्या डावात ५३ ची आघाडी घेतल्यावर. कोहली घरी परतला, शमी जखमी. मेलबर्नला चार बदल झाले, पण घाबरून एक बॅटर जास्त भरला नाही, उलट कोहलीच्या जागी जडेजा घेतला, पाच बॉलर ठेवले, पृथ्वी शॉच्या जागी गिल, साहाच्या जागी पंत, शमीच्या जागी सिराज. रहाणेने ११२ मारले, मॅच जिंकली, आणि पुढे ब्रिस्बेनच्या गाबावर सिरीज जिंकेपर्यंतची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. त्या संध्याकाळी अ‍ॅडलेडनंतर मी काय लिहिलं होतं ते सुदैवाने कोणी जपून ठेवलेलं नाही.

तर पुढच्या वेळी टाकायच्या मेसेजचा साचा असा: कोण बाहेर, शेवटच्या दहा डावांत कसा कसा गेला, त्याच्या जागी कोण, कितव्या नंबरवर, आणि बॉलर किती उरले. पाच ओळी. मी गुवाहाटीनंतर, म्हणजे ४०८ रनांनी हरल्यावर, हा साचा भरायला बसलो होतो. पहिली ओळ भरली, दुसरी भरली, तिसऱ्या ओळीत बराच वेळ अडकलो आणि शेवटी एक नाव लिहून पाठवलं. दोन मिनिटांत खाली उत्तर आलं, नुसता तो जुना स्क्रीनशॉट. कारण नाव सरफराजचं होतं.